डागासकट नक्कल

चेहरा ओळखीचा झाला की हात लाचार होतो, असं बाई म्हणायच्या. म्हणून त्या मूळ चित्र टेबलावर उलटं ठेवायच्या, डोकं खाली, पाय वर, आणि समोरच्या प्लायवूडवर तसंच उलटं काढत जायच्या. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, बाईंचं काहीतरी बिनसलंय. एक लठ्ठ गोरा साहेब शीर्षासन केल्यासारखा लटकत होता, बाई त्याच्या बुटांवर काळा रंग चढवत होत्या आणि दुसरा ब्रश दातात धरून मला म्हणत होत्या, "बस गो. बुटाचे बंद झाले की चहा टाकते."

बुटाचे बंद होईपर्यंत संध्याकाळ झाली. चहा मीच टाकला.

आम्ही दोघी पनवेलच्या एकाच शाळेत. मी मराठी शिकवायचे, त्या चित्रकला. खांदा कॉलनीत आमच्या बिल्डिंगी समोरासमोर, त्यामुळे शाळा सुटली तरी बाई सुटायच्या नाहीत. बाईंनी आयुष्यात स्वतःचं असं एकही चित्र काढलं नाही. सूर्यास्त नाही, मोर नाही, कर्नाळ्याचा सुळका नाही. त्यांनी काढल्या त्या नकला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या साप्ताहिकांत राज्यकर्त्यांची टर उडवणारी जी चित्रं छापून यायची, त्यांच्या नकला. वीतभर चित्राचं दाराएवढं चित्र करायचं, ऑइल पेंटमध्ये, हातानं. पेन्सिलीनं चौकोन आखायचे, एकेक चौकोन उचलायचा आणि मोठा करून प्लायवर ठेवायचा. लग्न केलं नाही, दागिने केले नाहीत, घरात सोफा नाही. भिंतीला टेकवलेले गव्हर्नर, कलेक्टर, संस्थानिक आणि त्यांचे ढेरपोटे कारभारी. पाहुणा आला की कुठल्या तरी कलेक्टरला बाजूला सरकवून त्याला जागा करून द्यावी लागायची.

एकदा स्टाफरूममध्ये एका सरांनी त्यांना विचारलं, "बाई, एवढे महिने डोळे कशाला फोडता? फोटो काढा, फ्लेक्स छापा. तासाभरात तयार."

बाई डबा खात होत्या. घास संपवून म्हणाल्या, "छापायच्या मशीनला राग येतो का, सर?"

"राग?"

"मग तिनं काढलेल्या चित्रात तो कुठून येणार?"

सर हसले. माझं डोकं फिरलं, पण बाईंनी डोळ्यांनीच गप्प केलं. फ्लेक्सचा विषय निघाला की आजही माझं डोकं फिरतं. आमच्या पनवेलात चौकाचौकात चेहरे टांगलेले असतात. वाढदिवस याचा, निवड त्याची, आभार कोणाचे तरी. सगळे हात जोडून हसतायत, खाली पन्नास जणांचे तिकिटाएवढे फोटो, तेही हसतायत. रस्त्यात खड्डा आणि वर हसू. एवढे चेहरे टांगलेल्या गावात एका बाईनं एक चेहरा टांगला, तर तो सहन झाला नाही कोणाला! तेच सांगायचंय मला, पण आधी बाईंच्या तऱ्हा सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

बाईंचा माल यायचा जुन्या पनवेलातल्या एका रद्दीवाल्या चाचांकडून. चाचांचा फोन आला की बाई तास टाकून जायच्या. "तस्वीरवाला माल आहे बाई," चाचा म्हणायचे, "पण जरा खराब आहे. कीडा लागलाय. माफी असावी."

"कीडा पण चालंल," बाई म्हणायच्या.

आणि खरंच चालायचा. किड्यानं पानाला जिथे भोक पाडलं असेल तिथे बाई प्लायवर बारीक काळा ठिपका काढायच्या. पानाला घडी असेल तर घडीची रेघ. कोणा वाचणाऱ्यानं चहाचा कप ठेवला असेल तर त्याचं तपकिरी कडं, पार वाळलेल्या थेंबापर्यंत. छापताना लाल रंग रेषेच्या बाहेर सरकला असेल तर बाईंचाही लाल तेवढाच सरकायचा. मी वैतागायचे. "अहो बाई, चित्र काढा की! डाग कशाला काढत बसता?"

"तो चहा पिणारा कोण होता, तुला म्हायती हाय?"

"मला कसं माहिती असणार?"

"मना पण नाय. पण तो चित्र बघून चिडला असंल, मग हसला असंल, कप हिंदकळला असंल. आता ते पण चित्रातच आलं ना? मी पुसणारी कोण?"

बाई शाळेत शुद्ध बोलायच्या. त्यांच्या बोलण्यात 'मना' आणि 'नाय' यायला लागलं की समजायचं, मामला गंभीर आहे. उरणकडच्या मिठागरवाल्या घरातल्या त्या. आई-वडील दोघंही मिठागरात राबले. नंतर ती जमीन गेली, कशी गेली, कोणाच्या हातातून कोणाच्या घशात गेली, ते पनवेलात मोठ्यानं कोणी बोलत नाही. आता तिथे कंटेनर रचून ठेवलेत. बाईंच्या स्वयंपाकघरात शेवटपर्यंत खडेमीठ होतं. पिशवीतलं बारीक मीठ कोणी आणलं तर त्या भांडी घासायला वापरायच्या.

घरी येणाऱ्या माणसाची त्या परीक्षा घ्यायच्या, ते तर विचारू नका. त्याला चित्रासमोर बसवायचं आणि त्याचं तोंड बघत राहायचं. आल्या आल्या जो खो खो हसला, त्याला पाणी मिळायचं, चहा नाही. "आधी चिडलं पाहिजे, मग हसलं पाहिजे," हा त्यांचा कायदा. माझ्या सख्ख्या नवऱ्याला त्या घरात कधी चहा मिळाला नाही.

मिठाचं चित्र सापडलं त्या दिवशी मात्र बाईंनी मला फोन करून बोलावलं. चाचांच्या गठ्ठ्यातलं एक पिवळं पान टेबलावर होतं, आणि चक्क सुलटं. मिठाच्या ढिगावर एक इंग्रज अंमलदार बसलाय. एक पंजा गुडघ्यावर, दुसऱ्या हातात तराजू. समोर मिठागरातली बाई उभी, डोक्यावर टोपली, आणि ती रडतेय. साहेबानं तराजूचं पारडं तिच्या गालाखाली धरलंय, तिचा एकेक अश्रू त्यात पडतोय. खाली ओळ छापलेली: 'अश्रूही खारट, सबब करास पात्र.'

मला हसू आलं नाही. बाईंनी बोटानं त्या टोपलीवालीचे पाय दाखवले.

"आमच्या आयच्या तळव्यांना भेगा असायच्या," त्या म्हणाल्या. "भेगांत मीठ जायचं. पण ती रडायची नाय. मना वाटायचं, दगडाची हाय. आता कळतं, परवडत नसंल."

ते चित्र त्यांनी उन्हाळ्याच्या अख्ख्या सुट्टीत काढलं. उलटंच. बोलणं बंद, जेवण उभ्या उभ्या. मी एकदा विचारलं, "बाई, आजारी पडाल, एवढं काय?" तर म्हणाल्या, "रेघ राग नसताना काढली की रांगोळी होते. माझा राग आता ताजा हाय, तवर काढू दे." चित्र झाल्यावर मला म्हणाल्या, "हे आपल्या गावात लागलं पायजे. मुंबईत नको, पुण्यात नको. जिथलं मीठ हाय तिथंच." बाईंनी आयुष्यात कोणाकडे काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. हे एवढंच.

त्या रिटायर झाल्यावर आम्ही काही शिक्षकांनी मनावर घेतलं. गावातल्या एका मंडळाचा हॉल आहे, त्या मंडळाचा अध्यक्ष बाईंचाच विद्यार्थी. "बाई, हॉल तुमचाच समजा," म्हणाला. पाया पडला. पाया पडण्यात तो पहिल्यापासून हुशार. उद्घाटनाला नानांना बोलावतो म्हणाला. नाना म्हणजे आमच्याकडचे पुढारी. त्यांच्याशिवाय पनवेलात फीत कापली जात नाही, मग ती दवाखान्याची असो नाहीतर वडापावच्या गाडीची. बाई म्हणाल्या, "कोणालाही बोलव. चित्र मात्र मधल्या भिंतीवर लागलं पाहिजे."

आदल्या दिवशी दुपारी आम्ही चित्रं लावत होतो. मिठाचं चित्र मधल्या भिंतीवर चढलं आणि अध्यक्ष आला. चित्राकडे बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाई... हे नाना आहेत ना?"

"कोण नाना?"

"उद्याचे उद्घाटक!"

"हा इंग्रज आहे रे," बाई म्हणाल्या. "मरून जमाना झाला त्याला."

"पण भुवया बघा ना. हनुवटी बघा. आणि बाई, ही चामखीळ!"

खरं सांगते, तोपर्यंत मला काही दिसलं नव्हतं. त्यानं बोट दाखवलं आणि मी बघितलं. अगं बाई! नानाच होते. त्या झाडूसारख्या भुवया, ती तीन मजली हनुवटी, नाकपुडीजवळची चामखीळ, आणि स्टेजवर बसताना नाना ठेवतात तसाच गुडघ्यावर ठेवलेला पंजा. मला हसू फुटलं. अध्यक्षाला घाम फुटला.

"बाई, एक छोटीशी मिशी काढू या का? नानांना मिशी नाही."

"मूळ चित्रात मिशी नाही."

"मग चामखीळ तरी पुसा."

"मूळ चित्रात आहे."

"मग मूळ चित्रच चुकलंय!" अध्यक्ष ओरडला.

इथे माझा ताबा सुटला. "अरे, शरम वाटत नाही का रे तुला? ज्यानं हे काढलं त्याच्या वेळी नानांचे आजोबा तरी जन्मले होते का? नाना यात कोणी आणले? बाईंनी नाही आणले. नानांना अजून पत्ताही नाही. कोणाची तक्रार नाही, कोणाचा फोन नाही. लुटणारा माणूस दिसला आणि तुला एकदम नानाच आठवले! का आठवले, ते सांग ना आधी!"

अध्यक्ष माझ्याकडे न बघता बाईंकडे वळला. "तुम्ही तरी समजून घ्या बाई. वाद नको."

वाद नको! या दोन शब्दांचा मला एवढा तिटकारा आहे की काय सांगू. बाई शांतपणे म्हणाल्या, "मी एक रेघ बदलली तर ती माझी होईल. मग म्हण, बाईंनी नानांना काढलं. आता आहे ती त्याची आहे, ज्यानं काढली त्याची. चित्र आहे तसं राहील." आणि मला म्हणाल्या, "घरी चल. उद्या इस्त्रीची साडी नेस."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून हॉलमध्ये शिरले तर मधल्या भिंतीवर साहेबाला डोकंच नाही. भिंतीला लावायचं पांढरं डिस्टेंपर, तेच कोणीतरी चेहऱ्यावर सपकन मारलेलं. नीट मारायचीही अक्कल नाही. एक ओघळ कोटावरून खाली उतरून, तराजूच्या दांडीवरून घरंगळत त्या रडणाऱ्या बाईच्या कपाळापर्यंत आला होता. अध्यक्ष हात जोडून उभा. "थोडं ॲडजस्ट केलं बाई. बाकी चित्र सगळं तसंच आहे."

मी किती बोलले, काय बोलले, मला आठवत नाही. चांगलं नसणार. बादलीतलं फडकं पिळून मी चित्राकडे धावले, तर बाईंनी माझं मनगट धरलं.

"हात नको लावू."

"अहो, जाईल बाई! डिस्टेंपर आहे, ऑइल पेंटवर धरत नाही. ओल्या फडक्यानं दोन मिनिटांत जाईल!"

"म्हायती हाय मना. म्हणूनच नको."

आणि मग बाईंनी पर्समधून शिंप्याची टेप काढली आणि तो डाग मोजायला लागल्या. लांबी घेतली, रुंदी घेतली, ओघळ कुठे वळलाय ते ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतलं. लोक बघत राहिले. कोणीतरी कुजबुजलं, धक्का बसलाय बिचारीला. मलाही तसंच वाटलं, आणि रडू आलं.

नाना आले. दिवा लावला. भाषणात म्हणाले, "कला हा समाजाचा आरसा आहे, आणि आरशाला घाबरायचं नसतं." टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठ्यानं अध्यक्षाच्या. मग नाना चित्रं बघत बघत मधल्या भिंतीशी आले आणि थांबले.

"इथं काय व्हतं?"

"काही नाही नाना," अध्यक्ष म्हणाला, "साफसफाईत रंग सांडला."

नानांनी खालची ओळ वाचली. मिठाचा ढीग बघितला. गुडघ्यावरचा पंजा बघितला. मग मान वळवून लोकांकडे बघितलं, तर हॉलमधला प्रत्येक डोळा आधी त्या पांढऱ्या डागाकडे जात होता आणि तिथून नानांकडे. नानांचा हात आपोआप नाकाजवळच्या चामखिळीवर गेला. चहा न घेता निघून गेले.

डॉक्टर होते तिथे, वकील होते, प्राध्यापक होते, दोन कवी होते. सगळ्यांनी वेफर्स खाल्ले. एकानंही विचारलं नाही, की बाबा रे, एका बाईच्या अख्ख्या सुट्टीच्या कामावर चुना कोणी मारला? बाहेर चपला घालताना एक कवी माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "फार वाईट झालं हं." मी म्हटलं, "आत जाऊन म्हण की!" तो रिक्षा बघायला गेला.

मी बाईंच्या घरी जाऊन त्यांच्यावरच ओरडले. "एकदा तरी रागवा हो बाई! किती सहन करायचं?"

बाई नव्या प्लायवर चौकोन आखत होत्या. "मी रागावलेलीच हाय. रेघ बघ," म्हणाल्या.

त्यांनी डागाची नक्कल करायला घेतली होती. मिठाचा ढीग, तराजू, रडणारी बाई, साहेबाचा कोट, आणि मानेच्या वर तो पांढरा फटकारा, ऑइल पेंटमध्ये, केसाचाही फरक न करता. ब्रशचे ओरखडे, दांडीवरून घरंगळलेला ओघळ, सगळं. "आता पुरं झालं चित्र," त्या म्हणाल्या. "कोणी चहा सांडला ते आलं. कोणी घाबरला ते पण आलं."

आणि मग बाईंनी त्या नकलांचा सपाटाच लावला. लहान, मोठ्या, जमतील तशा. वास्तुशांतीला नक्कल, लग्नात नक्कल, निरोप समारंभाला नक्कल. दाताच्या डॉक्टरच्या बाकावरून ती दिसायची, केस कापायच्या दुकानात आरशाशेजारी असायची, करंजा बंदरातल्या एका नाखव्यानं तर बोटीच्या केबिनमध्ये लावली. चाचांनी रद्दीच्या तराजूच्या बरोब्बर वर लावली. बघणारा प्रत्येक जण पहिलं हेच विचारायचा, "या पांढऱ्याखाली कोण आहे?" आणि प्रत्येक घरात एकच उत्तर मिळायचं, "नाना." कोणी सांगताना आवाज खाली करायचं, कोणी करायचंही नाही. त्या बिचाऱ्या इंग्रजाची कोणाला आठवणही राहिली नाही. त्याचा चेहरा झाकायला गेले आणि नानांचा कायमचा बसवून आले!

हॉलमधलं, डिस्टेंपर लागलेलं चित्र बाईंनी माझ्याकडे ठेवायला दिलं. मी विचारलं, "पुसू कधी?"

"ज्यानं रंग लावला त्यानं पुसायचा. त्याच हॉलमध्ये, त्याच भिंतीवर, दिवसाउजेडी, सगळ्यांच्या समोर. तवर तसंच ठेव."

मी मंडळाला किती वेळा सांगून बघितलं. दर वेळी चहा मिळाला.

गेल्या वर्षी बाई गेल्या. चित्र चेहऱ्यासकट त्या भिंतीवर परत लागलेलं त्यांना बघायला मिळालं नाही, आणि याचा मला आजही संताप येतो. भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. मी बाईंच्या भाचीबरोबर घरात थांबले होते. तिसऱ्या की चौथ्या दिवशी नाना आले, बरोबर अध्यक्ष. नाना आता थकलेत, हनुवटीचा एक मजला उतरलाय. बाईंच्या फोटोला हार घातला, खुर्चीवर बसले, गुडघ्यावर पंजा ठेवला. आणि समोर बघतात तर फोटोच्या शेजारी तीच नक्कल.

मग नाना चित्राकडे बघतच अध्यक्षाला म्हणाले, "खरं सांग. तो मी व्हतो का?"

"छे छे नाना! गोरा साहेब होता, इंग्रज. मी या डोळ्यांनी बघितलाय ना!"

"मग दाखव मना. पूस तो रंग."

अध्यक्षाची पंचाईत झाली, पण नानांचा शब्द मोडायची त्याला सवय नाही. भाचीकडून ओलं फडकं मागून घेतलं आणि लागला घासायला. पण तो डाग बाईंनी काढलेला होता. अध्यक्ष घासतोय, घासतोय, पांढरा उलट स्वच्छ होऊन चमकायला लागला.

"निघत नाही नाना."

"घास."

"नाना... खाली काही नाहीच."

नानांचा हात चामखिळीवर गेला. त्या क्षणी, खोटं कशाला बोलू, मला त्या म्हाताऱ्याची दया आली. मी म्हटलं, "नाना, साहेब आहे. माझ्या घरी आहे, समोरच्याच बिल्डिंगीत. चेहरा शाबूत आहे, दोन मिनिटांत निघेल. पण हॉलमध्ये निघेल. मधल्या भिंतीवर, लोकांसमोर, आणि हा स्वतः पुसेल. बाईंनी तसं सांगून ठेवलंय. सगळ्या गावाला दिसू दे, की तुम्ही नव्हतात."

नानांनी अध्यक्षाकडे बघितलं. अध्यक्षाच्या हातातल्या फडक्यातून पाणी टपकत होतं.

"आता एवढ्या वर्षांनी कशाला बाई," तो मला म्हणाला. "वाद नको."

नाना उठले, चपला घातल्या आणि जिना उतरायला लागले. अध्यक्ष त्यांच्या मागे धावला. फडकं हातात तसंच घेऊन गेला, ते अजून परत आणून दिलेलं नाही.